चवीचा रकाना

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि कित्येक वर्षं मला त्याचा अभिमान होता. शहाद्याकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. मूळची इथलीच. घरी आमची अहिराणी चालते, पण वर्गात कुणी ‘शे’ म्हटलं की मी त्याला दहा वेळा ‘आहे’ म्हणायला लावायची.

दिवाळीची सुट्टी संपली की मी आठवीच्या पोरांना सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यावर न्यायची. पुस्तकातला खडक तिथे हाताला लागतो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळाभोर दगड. एका जागी तर तो दगड गवंड्यानं भिंत घालावी तसा सरळ डोंगरात चढत जातो. जमिनीला भेग पडली, खालचा तापलेला रस तिच्यात घुसला आणि थिजला, असं मी सांगायची. मग पोरं हळूच हात लावून बघायची, अजून गरम आहे का म्हणून.

दगड झाले की झाडं. वहीत तक्ता आखायचा आणि पाच रकाने भरायचे: नाव, रंग, स्पर्श, वास, चव. शेजारी पान नाहीतर बी चिकटवायची. चवीसाठी मी स्वतः चिंचेचा पाला आणि आवळा द्यायची. त्या वर्षी आदल्या दिवशी वर्गात बजावलं होतं, “एक जरी रकाना मोकळा दिसला तर वही नाल्यात फेकून देईन.” असलं मी रोजच बोलायची. पोरं मनावर घेत नाहीत, असं आपलं मला वाटायचं.

सोळा मुलं होती आणि दोन क्रूझर. मुलगे माझ्या गाडीत, मुली सोबतच्या शिक्षिकेच्या गाडीत. मी चारपाच जणांना दगड फोडून दाखवत होते आणि बाकीचे शेताच्या बांधावर पानं गोळा करत होते. बांधाला चंद्रज्योतीचं कुंपण होतं. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून आमच्याकडे लावतात. बी काळी, आतला गर शेंगदाण्यासारखा पांढरा. ती विषारी असते हे मला चांगलं माहीत होतं. सांगायचं राहून गेलं. दुसरं काही कारण माझ्याकडे नाही.

निघता निघता एका मुलाला उलटी झाली. ऊन लागलं असेल म्हटलं. तेवढ्यात दुसरा पोट धरून खाली बसला, आणि त्याच्या मुठीतून काळी टरफलं पडली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. आणि मी घाबरले की काय करते, तर ओरडते. “कुणी खाल्लं हे? हात वर करा.” चार मुलांचे हात वर आले. मग मी मुलींच्या गाडीच्या खिडकीशी जाऊन त्याच आवाजात विचारलं, “तुमच्यापैकी कुणी असले उद्योग केलेत का?” आठही माना नाही म्हणून हलल्या. रागाच्या भरात मी सगळ्यांच्या वह्या ताब्यात घेतल्या, मुलींना घरोघर सोडायला ती गाडी लावून दिली आणि मुलांना घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, “कोणती बी ते दाखवा, म्हणजे खात्री होईल.” मुलांनी सगळ्या फेकून दिल्या होत्या. मी बाकावर बसून वह्या उलटायला लागले, कुणीतरी चिकटवली असेल म्हणून. पाचव्या वहीत सापडली. वही पहिल्या बाकावरच्या मुलीची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणाऱ्या. अक्षर सुबक. रंग काळा. स्पर्श गुळगुळीत. वास नाही. चव गोड, शेंगदाण्यासारखी.

ती घरी गेली होती.

“लगेच आणा,” डॉक्टर म्हणाले. “उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं. लहान जिवाला तेच भारी पडतं.” तिच्या वडिलांचा फोन लागेना. सोबतच्या शिक्षिकेला फोन केला, तर मुलींची गाडी तिला केव्हाच सोडून पुढे गेली होती. मी आमचीच क्रूझर वळवायला लावली. तिचं घर ब्राह्मणपुरीच्या पुढे, मळ्यात. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, बाजू द्यायला जागा नाही. “भिऊ नका मॅडम, आते पोचाडस,” ड्रायव्हर सारखा म्हणत होता आणि मला त्याच्यावर खेकसायचंही सुचत नव्हतं. मनात एकच हिशेब चालला होता. साडेदहाला खाल्ली असेल, आता दीड वाजला. खिडकीशी मी थोडं हळू बोलले असते तर? त्या पाऊण तासाएवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि वाटूही नये.

आई ओसरीत कापूस निवडत होती. मला बघून तिनं पदर सावरला. “घरी वनी तशी पडेल शे, मॅडम. पाच-सहा उलट्या व्हयन्यात. ऊन लागनं व्हई.”

आत खाटेवर ती पडली होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मला बघितलं आणि ती उठायला लागली. वर्गात उभं राहतात तसं उभं राहायला. एक पाय खाली टेकला आणि तोल गेला, तेव्हा मी तिला धरलं. माझ्या तोंडून शाळेची भाषा निघालीच नाही.

“कितल्या बिया खाद्यात, माय? सांग. मी मारस नही.”

“तीन,” ती म्हणाली. “पहिलीनी चव ध्यानमा वनी नही.”

तिला मांडीवर घेऊन मी गाडीत बसले, शेजारी आई. वाटेत दोनदा तिची मान लुळी पडली आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. दवाखान्यात सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत चारही मुलगे उठून बसले. ती मात्र डोळे मिटून होती. डॉक्टर म्हणाले, नाडी सुधारतेय, वाट बघा. मी वाट बघत बसले. तिची आई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवे लागायच्या सुमाराला तिनं डोळे उघडले. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी पुटपुटली. मी वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“मॅडम, नावना रकाना मोकळा ऱ्हाई गया. माले नाव माहीत नव्हतं.” मग तिनं विचारलं, “वही फेकी दिधी का?”

मी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. तिनं ती छातीशी धरली आणि परत डोळे मिटले. मला रडू आवरेना, तेव्हा तिच्या आईनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.