नर्सबाईंचा पत्ता

स्वीडनच्या एल्सा नर्सबाई निवृत्त झाल्यावर पुसेगावात शकुबाईच्या घरी राहत. परदेशी म्हणून त्यांना दरसाल पोलीस कचेरीत पत्ता कळवावा लागे. १९७४ साली शकुबाई सोबत गेली. बाईंनी कायमचा पत्ता पुसेगाव सांगितला. कारकुनानं त्यापुढं 'तात्पुरता' लिहिलं.

शकुबाई भडकली. "काहून? नाळ पुरली तेच माणसाचं गाव. निम्म्या गावाची बाळंतपणं ह्या बाईनं केली, नाळा तिनंच पुरल्या!"

"अन् बाईंची कुठं पुरली?" कारकुनानं विचारलं.

बाईंनी खाली मान घालून सही केली.

पुढच्या साली बाई वारल्या. शकुबाईनं परसात, आपल्या लेकरांच्या नाळांशेजारी, त्यांना माती दिली. मग एकटीच कचेरीत गेली.

"साहेब, बाईला पुसेगावात पुरलं. लिव्हा आता कायमचा."