भिंतीवरून उतरलेला माणूस

आमच्या सोसायटीच्या जिन्यातल्या भिंतीवरून एक माणूस पायी चालत खाली उतरला आहे, याबद्दल कार्यकारिणीत अजिबात दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की मुळात तो वर चढला कुठून?

बिबवेवाडीतली आमची इमारत चार मजली. लिफ्ट नाही. चौथ्या मजल्याच्याही वर, गच्चीच्या दाराशी, थोडी मोकळी जागा आहे. तिथल्या भिंतीला आदल्याच दिवशी मोतिया रंग लागला होता (मोतिया की बदामी, यावर तीन मीटिंगा झाल्या होत्या!). आणि गुरुवारी सकाळी त्या भिंतीवर लाल मातीची पावलं सापडली. सहा-सात तरी असतील. सगळ्यात खालचं गुडघाभर उंचीवर, सगळ्यात वरचं माझ्या कपाळाच्या पातळीला. घसरून घसरून एकेक हातभर लांब झालेलं. आणि सगळ्यांची बोटं खाली, टाचा वर!

"चढणाऱ्याची बोटं वर असतात," नाना घारपुरे म्हणाले. नाना म्हणजे आमचे चेअरमन. आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे सिद्ध झाल्याशिवाय ते चहासुद्धा गोड आहे म्हणत नाहीत. "बोटं खाली आहेत, अर्थात हा उतरलेला आहे."

"छतातून?" मी विचारलं.

"ते शोधणं सेक्रेटरीचं काम."

सेक्रेटरी मी. आणि आता लपवण्यात काय अर्थ आहे? तो उतरलेला माणूसही मीच!

या सगळ्याला जबाबदार माझे साडू. (साडू नसता तर निम्म्या पुरुषांनी आयुष्यात काहीच केलं नसतं.) बाळासाहेब वाघोलीचे, घरची शेती, तरुणपणी तालमीत गेलेले. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला पोरांनी आग्रह केला म्हणून या छप्पन वर्षांच्या गृहस्थानं अंगणात हात टेकले, पाय वर केले आणि हातांवर चालत चालत थेट सासूबाईंपर्यंत गेला. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही! तिथं कोपरं वाकवून त्यानं सासूबाईंच्या पावलांना कपाळ टेकवलं, नमस्कार करून पुन्हा हात ताठ केले आणि तसाच परत आला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. मग त्याच ओल्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही हो?"

आता गप्प बसायचं की नाही? पण जीभ आमची! "त्यात काय एवढं! कॉलेजात असताना मी रोज करायचो." (कॉलेजात असताना मी कॅरम खेळायचो.)

"मंग आता हाय का दम?" बाळासाहेबांनी मिशीवरची धूळ झटकत विचारलं.

"आहे की!"

"झालं तर. आमच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत हाय. तवा दावा करून, पाव्हणं!"

माझं वय तेव्हा चौपन्न. वजन ब्याऐंशी किलो. आमची शालन घरी येईपर्यंत गाडीत माझ्या पोटाकडे बघत होती. दारात फक्त म्हणाली, "तुम्ही कशाला हो बोलता?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गुपचूप गच्चीच्या दाराशी गेलो. घरात भिंत मोकळी नव्हती, आणि गच्चीवर जावं तर समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत ब्रश करत उभे असतात. हात टेकले, पाय उडवले, आणि पुढचं आठवतं ते इतकंच, की माझी मान दाराच्या कोपऱ्यात होती आणि एक मुलगी वाकून माझ्याकडे बघत होती.

"काका, पडलात का?"

"नाही, बसलोय."

"डोक्यावर?"

ही दुसऱ्या मजल्यावरच्या पानशांची रेवा. वय वर्षं अकरा, सहावीत. जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जायची आणि रोज सकाळी सरावाला तिथं यायची. मी तिला साडूंची सगळी हकिगत सांगितली. ती गंभीरपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मी शिकवीन. पण मधे मधे बोलायचं नाही. आणि दांडी मारायची नाही."

"आणि कुणाला सांगायचं नाही," मी म्हणालो.

"शप्पथ," ती म्हणाली.

अशी कडक बाई मला शाळेतसुद्धा भेटली नाही. भिंतीकडे पाठ करून वाकायचं, हात जमिनीवर टेकायचे आणि मागच्या मागे पायांनी भिंत चढत जायचं, हा पहिला धडा. (आता कळलं ना बोटं खाली का?) माझी समजूत अशी, की हे सगळं दंडांच्या ताकदीचं काम. "छे!" रेवा म्हणाली. "तोल पुढे गेला की बोटांनी जमीन दाबायची, मागे आला की तळव्यानं. पायांवर उभे असता तेव्हा पाय हेच करतात, तुम्हाला कळत नाही एवढंच." चौपन्न वर्षं मी उभा होतो आणि मला कळलं नव्हतं!

"तुमच्या क्लासात हे इतकं महत्त्वाचं असतं का गं?" मी एकदा उलटा असतानाच विचारलं.

"सगळं इथूनच सुरू होतं, काका. बीमवर, बारवर, जमिनीवर, कुठंही जा. हे ज्याचं वाकडं, त्याचं सगळंच वाकडं. आणि बोलू नका म्हटलं ना!"

सहा आठवड्यांत तिनं मला माणसात आणलं. ती घोटे धरायची तेव्हा मी दहा आकडे टिकायचो. सोडायची तेव्हा अडीच. तिची स्वतःचीही तयारी जोरात चालली होती, कारण रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. वर्षभर ती पोर त्या रविवारची वाट बघत होती.

आणि गुरुवारी घात झाला. नानांनी गच्चीवरच्या कुंड्यांना आदल्या संध्याकाळी धो धो पाणी घातलेलं. पहाटे मी हवा खायला अनवाणी त्या चिखलातून फिरून आलो आणि सवयीनं भिंत चढलो. दाराशी उजेड नव्हता. (बल्ब गेल्याची तक्रार सेक्रेटरीकडे तीनदा आली होती.) रेवानंही काही पाहिलं नाही, मीही नाही. आठ वाजता नानांनी पाहिलं.

संध्याकाळी घटनास्थळीच तातडीची सभा भरली. अख्खी इमारत जिन्यात. कुणी म्हणालं चोर, कुणी म्हणालं माकड. तळमजल्याच्या काकूंनी तर टाकीत राहणाऱ्या कुणा बाईबद्दल दबक्या आवाजात सुरुवात केली. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत होतो. अक्षर कधी नव्हे इतकं सुंदर येत होतं.

तेवढ्यात पानसे पुढे आले. "चोर नाही आणि भूत नाही. या इमारतीत पाय वर करून राहणारी एकच आहे. रेवा, इकडे ये. तू केलंस हे?"

रेवानं भिंतीकडे पाहिलं. मग जमिनीकडे. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली.

"बघा! पुढच्या वर्षी सातवीची स्कॉलरशिप आहे, आणि हिचे हे धंदे. उद्यापासून क्लास बंद. रविवारी कुठंही जायचं नाही!"

"पण पानसे, पावलं फार मोठी आहेत," मी कसंबसं म्हणालो.

"गुन्हा कबूल झाल्यावर मोजमाप कशाला?" नाना म्हणाले. "घसरून लांबली आहेत. लिहा, सेक्रेटरी."

मी लिहायला लागलो. 'कु. रेवा हिने' इथपर्यंत आलो आणि पेन पुढे सरकेना. ती पोर ओठ दाबून उभी होती. शपथ घेतली होती ना तिनं! मला माझीच इतकी लाज वाटली, की वही मिटली आणि ओरडलोच, "ती पावलं माझी आहेत!"

मग सगळे हसायला लागले.

"सेक्रेटरी, तुमचं मन मोठं आहे," नाना म्हणाले, "पण ते तुमच्या पोटाइतकं मोठं नाही. तुम्ही हातांवर उभे राहता, हे सिद्ध करा."

"अहो, काहीतरीच काय!" गर्दीतून शालन. "वाकून चपलेचा पट्टा लावता येत नाही तुम्हाला! मी लावते रोज!"

"काका पोरीला वाचवतायत," तळमजल्याच्या काकूंनी डोळे पुसले. "देवमाणूस!"

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी केलं होतं आणि कुणी मानायला तयार नाही! मी म्हटलं, करून दाखवतो. नाना म्हणाले, दाखवायचं तर नीट दाखवा, पायांना माती लावून. पुरावा म्हणजे पुरावा. लगेच ठराव मांडला गेला: 'सत्यशोधनार्थ सेक्रेटरींनी भिंत पुन्हा एकदा घाण करावी.' सर्वानुमते मंजूर! मीच लिहून घेतला.

कुंडीतल्या मातीत पाय बुडवले. भिंतीकडे पाठ केली. हात टेकले. एक पाऊल चढलं, दुसरं चढलं. खालून माझ्या तोंडासमोर सगळ्या सोसायटीचे पाय दिसत होते आणि ते एकेक करून मागे सरकत होते. तिसऱ्या पावलाला चष्मा पडला. चौथ्याला सदऱ्याच्या खिशातून किल्ल्या पडल्या. पाचव्याला फरसाणाची पुडी पडली आणि फुटली. (डॉक्टरांनी फरसाण बंद करून वर्ष झालं होतं.)

"म्हणजे हेही चालू आहे!" शालनचा आवाज.

माझे दंड लटपटायला लागले. सदरा तोंडावर आला. सबंध इमारतीला बाजूनं माझं पोट दिसत होतं आणि मला फक्त सदऱ्याची गुंडी. आता मी पडणार, नानांवर पडणार, आणि नाना तेही सिद्ध करून मागणार!

"काका, कोपरं!" एकदम खणखणीत आवाज आला. "कोपरं लॉक! पोट आत! बोटं दाबा, बोटं! श्वास कोंडू नका!"

आणि दोन लहान हातांनी माझे चिखलाचे घोटे घट्ट धरले. मी सरळ झालो. एक, दोन, तीन करत रेवा आकडे मोजत होती आणि सातव्या आकड्यापासून तळमजल्याच्या काकूही मोजायला लागल्या.

"रेवा! हे कधीपासून चाललंय?" पानशांचा आवाज.

"बाबा, नंतर. एकदम सोडलं तर त्यांच्या मानेला लागेल. काका, उजवा पाय आधी. सावकाश."

तिनं मला पायरीपायरीनं खाली आणलं. माझा चेहरा टोमॅटोसारखा झालेला. पानसे मातीनं माखलेल्या आपल्या मुलीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "खरंच हिनं शिकवलं तुम्हाला?"

"सहा आठवडे. एक दिवस खाडा नाही. मी तीनदा सोडून देत होतो, हिनं सोडू दिलं नाही."

"ओरडते का?"

"भयंकर!"

"घरी माझ्याशी दोन वाक्यं बोलत नाही हो," ते म्हणाले. मग तिच्या हातांवरची माती झटकत, "रविवारी किती वाजता आहे गं तुझी निवड?"

रेवा एवढ्या मोठ्यानं रडली, की नानांनी सभा बरखास्त केली. पुन्हा मोतिया करायची ती भिंत मी स्वतः रंगवली. बदामी!

वास्तुशांतही नेमकी त्याच रविवारी होती. शनिवारी बाळासाहेबांचा फोन आला. "काय पाव्हणं, भ्यालात व्हय?" मी सरळ हो म्हटलं आणि शालनला एकटीला वाघोलीला पाठवून पानशांच्या स्कूटरवर मागे बसून मैदानावर गेलो. रेवा तिथं हातांवर उभी राहिली आणि मला जाणवलं, की आपण भिंतीवर जे करत होतो त्याला काहीही म्हणा, पण हे म्हणू नका. बाणासारखी सरळ, आणि तशीच राहिली. पानसे माझा दंड इतका दाबून उभे होते, की पुढे चार दिवस वळ होता.

निवड झाली! आम्ही दोघं लहान पोरांसारखे नाचलो. मग निवड करणाऱ्या ताईंनी टेबलापाशी बोलावलं आणि तिचा अर्ज भरायला घेतला. नाव, वय, शाळा असं विचारत त्या पुढच्या रकान्यावर आल्या.

"घरी सरावाला काही साधन आहे का? बीम, बार, गादी वगैरे?"

रेवानं क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे आहेत. ब्याऐंशी किलो."

ताईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं आणि अर्जावर लिहिलं, 'उपलब्ध साधन: एक. जुनं, पण वापरण्याजोगं.'