डावा खांदा

माझी आत्या रस्त्यात माणसं ओळखत नसे, कोट ओळखत असे. लहानपणी तिच्याबरोबर बाजारात गेले, की ती मधेच कुणा अनोळखी माणसाकडे बघून मान लववायची. मला वाटे, काय ओळखी आहेत बाईच्या! पुढे कळलं, ती मान त्या माणसासाठी नसे, त्याच्या अंगावरच्या कपड्याच्या पहिल्या मालकासाठी असे. आणि तो केव्हाच मातीत गेलेला असे.

चर्चच्या मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. मंडळीतलं कुणी वारलं, की घरचे त्याचे कपडे गाठोड्यात बांधून तिथं आणून द्यायचे. ज्याला गरज असेल त्याला ते आत्यामार्फत जायचे, पण जसेच्या तसे कधीच नाही. आधी ती ते पुरते उसवायची. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, अस्तर वेगळं. मग कापड उलटं करून, कॉलर बदलून, खिसे हलवून, नवी बटणं लावून पुन्हा शिवायची.

"एखादीनं खिडकीतून बघावं आणि तिचा गेलेला नवरा समोरून चालत जावा, बरं दिसेल का ते?" ती म्हणायची. "आणि घालणाऱ्याला तरी कुणी का म्हणावं, की हा अमक्याचा कोट?"

कुणाचं कुणाला गेलं हे पाळकसाहेबांनाही ठाऊक नसे. उसवताना ती टाक्याटाक्याला त्या मेलेल्याचं नाव हळू आवाजात घ्यायची. काढलेली बटणं एका बरणीत जायची. मशीन चालू झालं की फळीवरची ती बरणी थरथरायची आणि मला वाटायचं, आत दात वाजतायत.

सगळे तिला उसवणीआत्या म्हणत. कोपऱ्यावरचा खाटीक तिला बघताच कोटाची बटणं लावून घ्यायचा. "नजर लावू नका हो आत्या, अजून जिवंत आहे मी!"

"मला कसली घाई?" आत्या म्हणायची. "पण कोपर जपून वापरा. विरायला लागलाय तिथं."

मी तिच्या हाताखाली इस्त्रीला बसायला लागले, त्या हिवाळ्यात बेकरीवाला वारला. त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या पाववाल्या काकूनं, त्याचा हिरवा कोट स्वतः आणून दिला. दीड महिन्यानं ती पुन्हा खोलीत आली आणि डोक्यावरचा रुमाल न काढताच बसली.

"ताई, हे येतात."

"कोण गं?"

"हे. रोज चार वाजता. दुकानासमोर दिव्याच्या खांबाशी उभे असतात. तोंड मफलरात असतं, पण नवरा ओळखू यायचा नाही का मला? मी खिडकीच्या फळीवर पाव ठेवते आणि आत जाते. जरा वेळानं बघते तर पाव नसतो." ती थोडं हसली. "तिकडंही भूक लागत असेल, नाही?"

माझ्या हातातली इस्त्री कापडावर तशीच राहिली. वास आला तेव्हा उचलली.

"रविवारी चारला प्रार्थना सुटली की मी रस्ता ओलांडणार," काकू म्हणाली. "हाताला धरून घरी आणणार. पुरे झालं ते थंडीत उभं राहणं."

ती गेल्यावर आत्यानं दाराला कडी घातली. तो कोट कुणाकडे आहे हे तिला माहीत होतं. छपरं दुरुस्त करणारा एक माणूस वरून पडून तीन महिने इस्पितळात होता. बाहेर आला तेव्हा कामही गेलं होतं आणि खोलीही. कोट घेताना त्यानं एकच विचारलं होतं, "कुणाला सांगणार नाही ना?" आत्यानं शब्द दिला होता. आता रविवारी सगळ्या मंडळीसमोर काकू त्याचा हात धरणार, तो मेल्याहून मेला होणार, आणि काकूचा नवरा दुसऱ्यांदा मरणार.

"पण तो कोट मी पुरता बदललाय," आत्या म्हणाली. "हिरवा होता तो रंगवून करडा केलाय. काय ओळखते ही?"

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आम्ही बेकरीत जाऊन उभ्या राहिलो. धुक्यात समोरच्या दुकानांच्या नुसत्या कडा उरल्या होत्या. भट्टीतून पाव निघाले आणि वास रस्त्यावर गेला. तेव्हा खांबापाशी, आधी कुणी नव्हतं तिथं, तो उभा होता. कोट करडा, कॉलर निराळी, बटणं तपकिरी. बेकरीवाल्याचं त्यात काही म्हणता काही नव्हतं. तरी मीही त्याला ओळखलं. डावा खांदा चार बोटं खाली उतरलेला होता. पावांचा भरलेला ट्रे वाहणाऱ्या बेकरीवाल्यासारखा, अगदी तसाच.

"आले," काकू पुटपुटली आणि फळीवर पाव ठेवून आत गेली.

आत्यानं माझं मनगट धरलं. "माझीच चूक. तिथं कापड विरलं होतं. उसवलं तर फाटेल म्हणून तेवढा खांदा तसाच ठेवला मी. तीस वर्षं ट्रे वाहून वाहून कापडानं त्याचा खांदा धरला होता गं."

"मग परत घेऊन उसव ना."

"फाटेल. आणि तो बिचारा काय घालील?"

वाटण्यासारखा एकही कोट त्या आठवड्यात शिल्लक नव्हता. म्हणजे खोलीत नव्हता. घरी, आत्याच्या कपाटात, एक होता. माझा आतेभाऊ एकोणिसाव्या वर्षी तापानं गेला, त्याचा. अकरा वर्षं तो तिथं टांगलेला होता, अख्खा, एक टाका न उसवलेला. दर रविवारी ती त्याला ब्रश करायची. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

त्या संध्याकाळी तिनं तो टेबलावर आडवा घातला.

"आत्या, दुसरं काही बघू. मागू कुणाकडे तरी."

"माझ्या दारात किती जणींनी गाठोडी आणून दिली, बये. कधी एकीला तरी म्हणाले, की राहू दे तुझ्याकडे?" तिनं कात्री उचलली. "प्रभूनं विचारलं, कपाटात काय टांगलंय, तर काय सांगू? हवा खातोय म्हणून?"

पहिला टाका तिनं डाव्या खांद्याचा काढला. रोजच्यासारखं ती नाव घ्यायला लागली. पोराचं नाव. दोन दिवस घरात तेवढा एकच आवाज होता: कात्रीची टिचकी, आणि नाव. अस्तरातून पेन्सिलीचा एक तुकडा निघाला. तो तिनं बटणांबरोबर बरणीत टाकला आणि काम चालू ठेवलं.

शनिवारी दुपारी तिनं त्या माणसाला खोलीत बोलावलं. "त्या कोटाची शिलाई कच्ची राहिलीय माझ्याकडून, हा घाला," एवढंच म्हणाली. तो बिचारा तिचीच समजूत घालत होता, "अहो, चांगला होता तोही."

सोमवारी काकू आली. या वेळी तिनं रुमाल काढला होता. "दोन दिवस झाले, हे आले नाहीत, ताई. त्यांच्या जागी कुणी दुसराच उभा होता." मग जरा थांबून, "पण भुकेला दिसला. मी पाव ठेवलाच. उद्याही ठेवीन म्हणते."

आत्याला सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला.

घरी निघालो तेव्हा धुकं उतरलं होतं. बेकरीच्या वळणावर वीसेक पावलं पुढे तो चालत होता, काखेत पाव. नव्या कोटाचे दोन्ही खांदे सरळ होते. आत्या थांबली आणि तिनं मान लववली.

"ओळखू येतो?" मी विचारलं.

"नाही. ओळखू येईल असं काही ठेवलंच नाही मी त्यात."

तरी तिचे ओठ हलले. नाव घेतलं असेल, पण शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते ऐकू आलं नाही.

पुढचा माणूस थांबला आणि वळला.

"हाक मारलीत का?" त्यानं तिथूनच विचारलं.

मी आत्याकडे पाहिलं. आत्या शांत होती.

"नाही, बाळा," ती म्हणाली. "थंडी नाही ना वाजत?"

"नाही," तो म्हणाला. "आता नाही वाजत."