निझव्यातलं ‘माका गावन’

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. विश्वास शून्य. आजही फारसा नाही... पण ओमानमधल्या निझवा गावात जे घडलं त्याचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही मस्कतला, दार्सैतमध्ये कृष्णमंदिराजवळ राहायचो. मी रुवीत एका बांधकाम कंपनीत सेक्रेटरी होते. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर डेक्लन स्मिथ, आयरिश, पन्नाशीचे. ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलेलं आणि लंच-टाइमला साहेब त्यावर आपलं खानदान शोधत बसायचे.

“सर, स्मिथ तर जगभर आहेत!” मी एकदा म्हटलं.

“तीच तर पंचाईत आहे,” ते हसून म्हणाले. मग समजावून सांगितलं... आयर्लंडमधले काही स्मिथ मूळचे इंग्रज. पण काहींचं जुनं आयरिश आडनाव होतं, अर्थ ‘लोहाराचा मुलगा’ — इंग्रजी अमलात त्याचं भाषांतर होऊन स्मिथ झालं. साहेबांचे पणजोबा अनाथ, लहानपणीच कुणीतरी डब्लिनला आणून सोडलेले. “आम्ही कुठले स्मिथ, तेच माहीत नाही. माझे वडील फार थकलेत. म्हणतात, जायच्या आधी आपली माणसं कुठली ते एकदा सांग.”

मला वाईट वाटलं. आपल्याकडे आडनावावरून लोक गाव ओळखतात. ह्या माणसाला गावच नव्हतं. ते जुनं आडनाव काय, हे मात्र मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई कुडाळहून आल्या. इंग्रजीचा गंध नाही, बोलणं सगळं मालवणी. एका शुक्रवारी सकाळी साहेब आपल्या जीपमधून आम्हा सगळ्यांना निझव्याला घेऊन गेले. नवरा गाडी लावायच्या जागेपाशीच बकऱ्यांचा लिलाव बघत थांबला. आम्ही तिघं आत सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात शिरलो. एका दुकानात ओमानी लोहार सुरीचं पातं ठोकत होता, साहेब तिथेच रेंगाळले. आई, म्हणजे सासूबाई, आणि मी जरा मागे उभ्या.

“गो, सायबाच्या वांगडा तो म्हातारो कोण?”

“कुठला म्हातारा, आई?”

“तो काय! पुढ्यात चामडा बांधलेलो. कान अर्धो हा त्येचो.”

साहेबांबरोबर कुणीच नव्हतं, ते एकटेच उभे होते. मी म्हटलं, आईंना प्रवासाचा शीण आला असेल. पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली.

“माका गावन, माका गावन म्हणता. काय गावन? पुढचा बोलणा नाय.”

मालवणीत ‘माका’ म्हणजे मला, ‘गावन’ म्हणजे गाऊन. आईंना वाटलं, म्हातारा गाणं मागतोय. आणि खरंच, त्या गर्दीत उभ्या राहून त्यांनी हलक्या आवाजात जात्यावरची एक ओवी म्हटली. मी इकडेतिकडे बघत, लाजून अर्धी. ओवी संपल्यावर आई म्हणाल्या, “गेलो.”

नंतर चहाच्या टपरीवर मी गंमत म्हणून हे साहेबांना सांगितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला. “काय म्हणाला तो? त्यांनाच पुन्हा म्हणायला सांग.”

“माका गावन,” आई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी साहेबांनी वडिलांना फोन लावला. वडील शाळेत आयरिश शिकलेले. साहेबांनी ते जुनं आडनाव पुस्तकात नुसतं वाचलं होतं, उच्चार धड माहीत नव्हता. आईंसारखंच म्हणून दाखवलं. वडील म्हणाले, बरोबर असंच म्हणतात. मॅक अ गावन. लोहाराचा मुलगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत साहेब आयर्लंडमधल्या कॅव्हन परगण्यात गेले, तिथे त्या आडनावाची वस्ती दाट. स्मिथऐवजी गावन विचारत फिरले. एका खेड्यात एका म्हातारीने ऐकीव गोष्ट सांगितली — इथे लोहाराचं घर होतं, आईबाप गेल्यावर पोराला डब्लिनला धाडलं. भट्टीच्या पडक्या भिंती उभ्या होत्या. साहेबांनी वडिलांना तिथे नेलं. वडील दुपारभर भिंतीवर हात ठेवून बसले होते म्हणे. पुढच्या हिवाळ्यात ते वारले.

हा पुरावा झाला का? नाही. साहेब स्वतःच म्हणायचे, अनाथ पोरं काय कमी होती तेव्हा? अर्ध्या कानाचं त्या म्हातारीला काहीच ठाऊक नव्हतं. पण कुडाळच्या बाईच्या तोंडी तो शब्द आला कुठून?

दोन हजार तीन-चारच्या सुमारास आम्ही सुट्टीवर कुडाळला गेलो होतो. आई पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. मनात राहिलेलं विचारून टाकलं, “आई, त्या म्हाताऱ्याने साहेबांनाच का नाही सांगितलं?”

आईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिथे नव्हतेच.

“त्येकाच सांगी होतो मा! कानाकडे तोंड नेवन सांगी होतो. ह्येका काय आयकाक येय नाय... मगे तो माझ्याकडे बघूक लागलो.”