लायगेजवर आलेला आळ

चौथ्यांदा ताटली कोरी निघाली, तेव्हा मॅनेजरांनी माझ्या हातात मेमो ठेवला.

शिवरे गावाजवळ हायवेला लागून आमची छोटी लॅब आहे. मेंढ्यांच्या एका रोगाचं टेस्ट किट बनवायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी डीएनएचे दोन तुकडे जोडून जिवाणूंत घालायचे. जोड बसला तरच ताटलीवर जिवाणूंचे ठिपके उगवतात. जोडायचं काम लायगेज हे एन्झाइम करतं. त्याला वेल्डर समजा. वेल्डरला वीज लागते, तसं याला एटीपी लागतं. ते बफर नावाच्या द्रावणात मिसळलेलं असतं.

"एन्झाइम खराब, नाहीतर तुमचा हात," मॅनेजर म्हणाले.

"सर, एन्झाइम नवीन आहे."

"म्हणजे हात. सोमवारपर्यंत रिझल्ट द्या, नाहीतर प्रोजेक्ट दुसऱ्याकडे."

अठरा वर्षं याच हातांनी काम केलं होतं. मी बेसिनपाशी जाऊन ते दोनदा धुतले.

शेजारी मंदाताई काचसामान विसळत होत्या. त्या उत्रोलीच्या. म्हणाल्या, "मॅडम, म्या बोलू का? त्या बारक्या ट्यूबा रोज भाईर काढत्यात. सायबांचं वाचून हुईस्तवर एकीचं पार पाणी व्हतंय. मग परत बर्फात."

मी जागीच थांबले. ऑडिट येणार म्हणून मॅनेजरांनीच नियम केला होता. फ्रीझरमधली प्रत्येक ट्यूब रोज काढायची, लेबल वाचायचं, सही करायची. लायगेज ग्लिसरॉल या दाट द्रवात असतं, त्यामुळे ते गोठत नाही. बफर मात्र गोठतं. रोज वितळून गोठलं, की त्यातलं एटीपी मोडतं. वेल्डर धडधाकट होता, त्याची वीज आम्हीच तोडत होतो.

त्याच बफरचे दोन भाग केले. एकात ताजं एटीपी टाकलं, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं सारखं ठेवून तुकडे जोडले आणि दोघांची एकेक ताटली लावली.

सोमवारी सकाळी एक ताटली कोरी होती. ताजं एटीपी टाकलेल्या ताटलीवर साबुदाणा सांडल्यासारखे ठिपके.

"उगवलं की वो!" मंदाताई ओरडल्या.

मॅनेजरांनी दोन्ही ताटल्या उजेडात धरल्या. "म्हणजे तपासणीमुळे बिघडलं?"

"रोज बाहेर काढल्यामुळे, सर."

"ऑडिटरसमोर हे बोलू नका."

आता बफर छोट्या ट्यूबांत वाटून ठेवतो. एक ट्यूब एकदाच वितळवायची, लेबल फ्रीझरमध्येच वाचायचं. किट वेळेत झालं. मेमो लेखी आला होता, मागे घेतला तो तोंडी.

प्रयोग फसला की आम्ही सगळ्यात महाग वस्तूवर संशय घेतो. त्याआधी सामान धुणाऱ्या बाईंना विचारावं. काय चाललंय ते त्यांना दिसत असतं.