आरमारी इस्पितळाच्या फाटकाबाहेर

दामूला देवी आल्याची तार आली, तेव्हा माझ्या मनात भक्ती नव्हती, राग होता. लग्न होऊन नाशकात आल्यापासून मी सप्तशृंगीचा गड चढत आले. दामूचे वडील गेले तेव्हाही मी तिला बोल लावला नव्हता. आणि आता तिनं माझ्या एकुलत्या एका मुलाच्या अंगावर यावं? तो मुंबईला आरमाराच्या गोदीत सुतारकाम करत होता. टोचूनही घेतलं होतं त्यानं. रिवाजाप्रमाणे मी घरातली फोडणी बंद केली, दाराला कडुलिंब बांधला आणि धाकट्या दिरांना घेऊन नाशिकरोडला गाडीत बसले. इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंतसुद्धा मला धीर धरवेना.

इस्पितळ आरमाराच्या तळावर, समुद्राच्या कडेला होतं. फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं नाही. साथीच्या रोग्यांची खोली पार टोकाला, तिथे नातेवाइकांना मज्जाव. दिरांनी विनवण्या केल्या. मी पदराच्या गाठीतली गडावरच्या कुंकवाची पुडी पुढे केली, निदान एवढं तरी त्याच्या उशाशी ठेवा म्हटलं. शिपाई वाईट नव्हता, पण त्यानं मान हलवली. मग रोज सकाळी दिरांच्या स्नेह्यांच्या बिऱ्हाडातून निघायचं आणि फाटकासमोरच्या भिंतीला टेकून बसायचं, एवढंच उरलं. बसणं तरी कसलं! फाटक करकरलं की मी उठत होते. नामस्मरण सुरू करायची आणि दोन नावांतच मन त्या टोकाच्या खोलीकडे धावायचं. तहान लागली तर त्याला पाणी कोण पाजत असेल? देवीला मी काय काय बोलले, ते लिहवत नाही.

एके दुपारी आतून एक बाई आली. माझ्याहून थोडी लहान, चेहरा व्रणांनी भरलेला. मी कोण ते शिपायानंच तिला सांगितलं होतं. ती त्या खोलीतली आया, हलिमा, रत्नागिरीकडची. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तिला आत भीती नव्हती. दामूचा ताप अजून उतरला नाही, पण पाणी घोट घोट जातंय, असं तिनं सांगितलं. मी कुंकवाची पुडी काढली. तिनं ती हातात घेतली नाही. अंगावरचे फोड फुटलेत, आत काही न्यायचं नाही, म्हणाली. मग म्हणाली, "बाय, एक सांगते, रागावू नका. तो तापात आई म्हणून हाक मारतो. मी ओ देते."

 ती पुढे सांगत राहिली. जर्मनच्या लढाईत बसऱ्याहून जखमी शिपाई बोटींनी इथे येत, व्हरांड्यातसुद्धा खाटा लागत. तेव्हा तिची आई इथे आया होती. कोण पंजाबचा, कोण गढवालचा. भाषा कळायची नाही, पण आईला मारलेली हाक कळायची. तिची आई प्रत्येकाला ओ द्यायची. "कुणाची हाक रिकामी जाऊ द्यायची नाय, असं ती सांगून गेली," हलिमा म्हणाली.

खरं सांगते, आधी मला तिचा मत्सर वाटला. माझी हाक हिनं का घ्यावी? पण ती परत आत गेली, त्याच्या हाकेला ओ द्यायला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी नीट खाली बसले. दिरांनी आणलेला पाव खाल्ला. रडले. संध्याकाळपर्यंत फाटक कितीदा उघडलं, मला कळलंही नाही.

ताप हळूहळू उतरला. दामू बाहेर आला तो नुसता हाडांचा सापळा, एक डोळा कायमचा अधू. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आई, तू उशाशी होतीस म्हणून निभावलो." दीर माझ्याकडे बघत राहिले. मी त्याला हलिमाबाईंपुढे नेलं आणि कोण उशाशी होतं ते सांगितलं. तो वाकला, तर ती अवघडून मागे सरली. मीच तिचे हात धरले.

पुढे गडावर गेले तेव्हा मागणं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. इतकी वर्षं मी देवीला मुलगा सांभाळ म्हणत होते आणि तो कुणाच्या हातून, कसा सांभाळायचा तेही मीच ठरवून देत होते. तिनं माझं काही ऐकलं नाही, म्हणून माझा दामू आज आहे. स्वभाव काही बदलला नाही. त्याची खुशाली यायला उशीर झाला की अजूनही घरात फेऱ्या घालते. पण हात जोडले की आता पहिलं मागणं त्याच्यासाठी होत नाही. ते हलिमाबाईंसाठी होतं.