वहिनीची खुर्ची

सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत सगळे तिला वहिनी म्हणत. नणंद म्हणायची म्हणून हमाल म्हणू लागले, हमालांचं ऐकून गिऱ्हाइकं. लग्न ठरताना सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "इंग्रजी बोलता येतं का?" तिने तोऱ्यात "हो" म्हटलं आणि तिथेच फसली. नवेपणाचे चार दिवस सरतात न सरतात तोच करवतीशेजारच्या काचेच्या खोलीत, फोनपुढच्या खुर्चीत तिची स्थापना झाली. किती वर्षं झाली, हे मोजणंही आता तिने सोडलं होतं.

परदेशी कंपन्यांचे इथले साहेब फोनवरून लाकूड मागवत, आणि त्यांचंच त्यांच्यात एकमत नव्हतं. एक साहेब चिरलेल्या फळ्यांना लंबर म्हणायचा, आणि टिंबर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे उभी झाडं यायची. दुसरा त्याच फळ्यांना टिंबर म्हणायचा. त्याच्या घरी लंबर म्हणजे माळ्यावरची अडगळ. म्हणून आधी साहेब ओळखायचा, मग लाकूड. जॉइस्ट म्हणजे मजल्याच्या फळ्यांखालची आडवी कडी, राफ्टर म्हणजे छपराचा तिरका वासा, बॅटन म्हणजे कौलांखालची रीप. कडीऐवजी वासा गेला की ट्रक परत यायचा आणि सासरे वखार डोक्यावर घ्यायचे. वहिनीचं मात्र कधी चुकलं नाही. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. जिचं चुकत नाही तिला उठवतो कोण?

जवळच्या शाळेत शिकवायची जागा निघाली. तिने अर्ज केला, निवडही झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय गं?"

"वासेच तर मोजतेय इतकी वर्षं, आई."

नवरा खरेदीसाठी सदा जंगलात. तो फोनवर म्हणाला, "बाबांना विचार." या वाक्याचा त्याला कधी विसर पडला नाही. आणि बाबा म्हणाले, "तुझ्या जागी बसणारं माणूस दे, मग खुशाल जा."

माणूस घरातच होतं. नणंदेचं कॉलेज नुकतंच संपलं होतं, आणि दोघींचं मेतकूट जुनं. वहिनीने तिला वखारभर फिरवलं, एकेका लाकडाला हात लावायला लावून शब्द शिकवले. पोरगी हुशार. एकदा फोन ठेवून तीच म्हणाली, "वहिनी, हा लंबरवाला साहेब. याला फळ्याच हव्यात, हो ना?" वहिनीने तिचा गालगुच्चा घेतला, आणि त्याच संध्याकाळी शाळेसाठी नव्या चपला आणल्या.

शनिवारी परीक्षा. सासरे समोर बसले, स्पीकर लावला. साहेबाने जॉइस्ट मागितले, दोनदा, अगदी स्पष्ट. नणंदेने "यस सर" म्हणून फोन ठेवला आणि म्हणाली, "बाबा, छपराचे वासे हवेत त्याला."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, जॉइस्ट म्हणाला तो! इतकं मलाही कळलं!"

"मला नाही जमत हे, बाबा. डोक्यात शिरतच नाही."

हे बोलताना ती बापाकडे नाही, वहिनीकडे बघत होती. डोळे पाण्याने भरलेले, पण नजर खाली नाही.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'खोटं बोलतेय ती, तिला सगळं येतं' एवढं एकच वाक्य, की सोमवारी शाळा. वाक्य ओठांवर आलंही. तेवढ्यात तिचं लक्ष पोरीच्या हातांकडे गेलं. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ती अर्धवट उठली होती, कोणी खांदा दाबून पुन्हा बसवेल या धास्तीने. लग्न ठरताना मला हे का सुचलं नाही, असं वहिनीच्या मनात आलं, आणि तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"नाही जमायचं तिला, बाबा," ती म्हणाली.

"बघ! शेवटी तुझ्यावाचून पान हलत नाही," सासरे खूश होऊन म्हणाले आणि ट्रक बघायला निघून गेले.

नणंद उठली. वहिनी त्या गरम खुर्चीत बसली आणि साहेबाचा नंबर फिरवू लागली.

"वहिनी, मी..."

"जा तू. आणि कोणीही विचारलं, तरी तुला काही येत नाही."